प्रतिकृती घोडे : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

गेल्या अंकातील खेळण्यांच्या संग्रहांविषयीच्या लेखात अमेरिकेतील ‘ब्रायर’ कंपनीच्या घोड्यांचा ओझरता उल्लेख होता. तेवढ्यावरून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच द्यायचे ठरवले. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी घोड्यांची वेडी आहे. तिची आत्या दिवाळीत न्यू जर्सीहून येणार असून तिने ब्रायरचा घोडा आणायचे कबूल केले आहे. मात्र त्यात आकारांचे इतके प्रकार दिसतात की कोणता सांगावा हे कळत नाही. ‘श्लाइख’चे घोडे तर इथल्या दुकानांतही मिळतात. मग ब्रायरच कशासाठी घ्यायचा? (एक आई, ठाणे)

उत्तर : श्लाइख ही १९३५ साली सुरू झालेली जर्मन कंपनी आहे. तिचे घोडे साधारण १:२० या प्रमाणातले (म्हणजे खऱ्या घोड्याच्या विसाव्या हिश्शाएवढे), भरीव आणि टणक असतात. असा घोडा हातून फरशीवर पडला तरी सहसा त्याला काही होत नाही, शिवाय तो मुलांच्या छोट्या मुठीतही मावतो. ब्रायरचा मोठा घोडा आतून पोकळ असतो आणि त्याचे पाय खऱ्या घोड्याच्या पायांइतकेच सडपातळ असतात. तो टेबलावरून पडला तर कानाचे टोक उडण्याची किंवा पाय मोडण्याची भीती खरी आहे. तरीही त्याला मागणी आहे ती त्याच्या अंगबांध्यामुळे. मानेचा कमानदार स्नायू, गालावरची शीर, मागच्या पायाचा कोनात वळलेला सांधा, खुराच्या वरची बारीक कड या गोष्टी १:९ या प्रमाणात नीट दाखवता येतात आणि घोड्यांची आवड असलेल्या मुलाला त्या दिसतातही.

आकारांचे म्हणाल तर ‘ट्रॅडिशनल’ हा १:९ प्रमाणातला घोडा साधारण फूटभर लांब व नऊ इंच उंच असतो. ‘क्लासिक’ हा १:१२ प्रमाणातला मधला आकार झाला, आणि १९७५ पासून निघणारा ‘स्टेबलमेट’ हा १:३२ प्रमाणातला घोडा तळहातावर उभा राहतो. आपली मुलगी घोडे कसे खेळते हे आधी पाहावे. जमिनीवर रांगत शर्यती लावणारी मुलगी असेल तर चार-पाच स्टेबलमेट किंवा श्लाइखचे घोडे द्यावेत. ती एका जागी बसून आयाळ विंचरल्याचे नाटक करणारी, कापडाच्या तुकड्याचे खोगीर शिवणारी, लोकरीचा लगाम वळणारी असेल, तर ट्रॅडिशनल आकारच तिला पुरेसा वाटेल, कारण नऊ वर्षांच्या बोटांना काम करता येईल एवढी जागा त्यातच असते. घोडा एकदा दिला की तो काचेच्या कपाटात कोंडून ठेवू नये, असे मला मनापासून वाटते. रंगाला ओरखडे पडतील, ते पडू द्यावेत.

आत्याबाईंना एवढे अवश्य कळवावे : घोडा मूळ खोक्यातच असू द्यावा. खोके सोडावे लागलेच तर आधी चारही पायांच्या मधली जागा मऊ कागदाने भरावी, सगळे अंग त्याच कागदात गुंडाळावे आणि मगच फुग्यांचे प्लास्टिक वापरावे. ते प्लास्टिक थेट रंगावर फार दिवस राहिले तर फुग्यांचे गोल ठसे उमटतात. सामान चढवताना पिशव्यांची होणारी आदळआपट लक्षात घेता तो हातातल्या पिशवीतून आणणे उत्तम.

प्रश्न : माझे वडील १९७०च्या दशकात शिकागोला नोकरी करीत होते. परतताना त्यांनी आणलेला सोनेरी अंगाचा, पांढऱ्या आयाळीचा घोडा अजून आमच्या दिवाणखान्यात आहे. त्याला धातूच्या साखळीचा लगाम आणि काढता-घालता येणारे प्लास्टिकचे खोगीर आहे. रंग काही ठिकाणी उडाला आहे. हा दुर्मीळ आहे का? तो पुन्हा रंगवून घ्यावा का? (एक निवृत्त अभियंता, पुणे)

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा ब्रायरचा ‘वेस्टर्न हॉर्स’ दिसतो. तसे असेल तर या साऱ्या छंदाचा मूळपुरुषच आपल्या घरात आहे. ब्रायर मोल्डिंग कंपनी १९४३ साली शिकागोत सुरू झाली, ती घोडे बनवण्यासाठी नव्हे. इतर उद्योगांना लागणारे प्लास्टिकचे भाग मागणीप्रमाणे ओतून देणे हा तिचा धंदा होता. १९५० साली मास्टरक्राफ्टर्स या घड्याळ कंपनीला शेकोटीवरच्या फळीवर ठेवायच्या घड्याळाशेजारी उभा करायला एक घोडा हवा होता. ख्रिस हेस या शिल्पकाराने तो घडवला. काम संपल्यावर मोबदल्यापोटी साचा ब्रायरकडेच राहिला. नंतर लोक घड्याळाशिवाय नुसता घोडा मागू लागले, वूलवर्थ या दुकानसाखळीकडून मागणी आली आणि भाग ओतणारा कारखाना हळूहळू घोड्यांचा कारखाना झाला. पुढील अनेक वर्षे ब्रायरचे बहुतेक साचे हेस यांच्याच हातचे होते.

दुर्मीळ म्हणाल, तर हा घोडा दुर्मीळ नाही. तो काही दशके विकला गेला, आणि सोनेरी अंग व पांढरी आयाळ हा त्याचा सर्वांत प्रचलित रंग. तरीही दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे मागच्या पायाच्या आतल्या बाजूचा ठसा. तिथे कंपनीचे नाव गोलाकार कोरलेले असते. त्याच्याजवळ ‘यू.एस.ए.’ ही अक्षरे असतील तर घोडा साधारण १९७० नंतरचा आहे आणि नसतील तर त्याआधीचा असू शकतो. काही नव्या घोड्यांवर सालही असते, पण ते साचा घडवल्याचे साल असते, तो विशिष्ट घोडा बनल्याचे नव्हे, आणि त्यामुळे बऱ्याच जणांची फसगत होते. दुसरी गोष्ट खोगिराची. ते सुटे असल्यामुळे बहुतेक घरांतून हरवलेले असते. आपल्याकडे ते आहे, ही समाधानाची बाब आहे.

खरे दुर्मीळ घोडे वेगळ्याच कारणाने दुर्मीळ झाले. १९६०च्या दशकात ब्रायरने घराच्या सजावटीशी जुळतील असे निळे आणि सोनेरी घोडे काढले. त्यांतल्या ठिपकेदार निळ्याला ‘कोपनहेगन’ आणि ठिपकेदार सोनेरीला ‘फ्लोरेंटाइन’ असे नाव होते. गिऱ्हाइकांना निळा घोडा काही पटला नाही आणि ते लवकरच बंद झाले. न खपल्यामुळे थोडे उरले आणि थोडे उरल्यामुळे आज त्यांना फार मोठा भाव आहे.

पुन्हा रंगवण्याविषयी माझे मत ठाम आहे : रंगवू नये. कारखान्यातला मूळ रंग, मग तो कितीही उडालेला असो, एकदा झाकला गेला की संग्राहकाच्या लेखी तो घोडा मूळ अवस्थेतला राहत नाही. कोमट पाण्यात साध्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धूळ काढावी, एवढे पुरे. नखांचा रंग काढायचे द्रावण चुकूनही लावू नये. त्यात बहुधा अ‍ॅसिटोन असते आणि या प्लास्टिकचा पृष्ठभाग त्यात अक्षरशः विरघळतो.

प्रश्न : माझ्याकडे बारा जुने ब्रायर घोडे आहेत. आम्ही समुद्राजवळ राहतो. पांढरे घोडे पिवळे पडत चालले आहेत, एकाचे पाय वाकून तो तिरका उभा राहतो आणि एका घोड्याला चक्क व्हिनेगरसारखा वास येतो. हे हवेमुळे होते का? (एक संग्राहक, रत्नागिरी)

उत्तर : तीन तक्रारी आहेत. त्यांची कारणे वेगळी आहेत आणि त्यातली वासाची तक्रार सर्वांत गंभीर आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

ब्रायरचे मोठे घोडे सेल्युलोज अ‍ॅसिटेट या प्लास्टिकचे असतात. हे प्लास्टिक वनस्पतींच्या तंतूंतील सेल्युलोजपासून बनवतात आणि ते बनवताना त्याला अ‍ॅसिटिक आम्लाचे गट जोडलेले असतात. उष्णता आणि दमटपणा यांमुळे ते गट सुटू लागतात व पुन्हा आम्ल तयार होते. व्हिनेगरचा वास तो हाच. घातक गोष्ट अशी की सुटलेले आम्ल पुढच्या विघटनाला आणखी वेग देते, त्यामुळे एकदा सुरू झालेली ही क्रिया थांबवता येत नाही, फक्त मंदावता येते. जुन्या चित्रपटांच्या फिती याच पदार्थाच्या असत आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थांना त्या थंड, कोरड्या दालनांत ठेवाव्या लागतात त्यामागचे एक कारण हेच. घोड्याच्या बाबतीत पुढे काय होते, तर तो आक्रसतो. एकाच साच्यातले दोन घोडे शेजारी ठेवले तर एक दुसऱ्याहून लहान दिसतो. कधी कधी पोट फुगते आणि अंगावर चिकट द्रव येतो. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातील व त्यानंतरच्या काही वर्षांतील घोड्यांत ही तक्रार अधिक आढळते.

वास येणारा घोडा आजच इतरांपासून वेगळा करावा, कारण त्यातून निघणारी आम्लाची वाफ शेजाऱ्यांनाही बाधते. त्याला हवाबंद डब्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. बंद जागेत वाफ कोंडते आणि नुकसान वाढते. खेळती हवा, भिंतीपासून थोडे अंतर आणि शक्य तेवढा कोरडेपणा हे तीन उपाय आहेत. कोकणात पावसाळ्याचे चार महिने कपाटाचे दार दिवसातून काही वेळ उघडे ठेवावे आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. ज्या खोलीची बाहेरची भिंत ओल धरते तिथे कपाट ठेवूच नये.

पाय वाकणे मात्र बहुधा साध्या उष्णतेचे काम असते. पत्र्याच्या छताखाली किंवा खिडकीतल्या उन्हात प्लास्टिक मऊ होते आणि घोड्याच्या स्वतःच्या वजनाने पाय कलतो. तो दुरुस्त होऊ शकतो. तेवढाच पाय चांगल्या गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, थोडा वेळ बुडवावा, प्लास्टिक नरम लागले की हलक्या हाताने सरळ करावा आणि तसाच धरून थंड पाण्यात घालावा. जोर लावू नये, घाई करू नये. ज्या घोड्याला वास येतो त्याच्यावर हा प्रयोग अजिबात करू नये.

पिवळेपणा वयाचा असतो, तसाच तो सिगारेटच्या धुराचा व स्वयंपाकघरातल्या तेलकट वाफेचाही असतो. धूर-वाफेचा थर साबणाच्या पाण्याने बराचसा जातो. प्लास्टिकच्या आतला पिवळेपणा घालवण्यासाठी काही संग्राहक घोडे उन्हात ठेवतात आणि पांढरा रंग खरोखर उजळतो. परंतु आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तो उपाय करू नये. पांढरा उजळेपर्यंत राखाडी ठिपके फिके पडतील आणि पाय पुन्हा वाकतील. थोडा पिवळसर घोडा मला तरी वाईट वाटत नाही.

प्रश्न : मी त्रेचाळीस वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते आणि मला हे घोडे जमवायला आवडतात. घरचे म्हणतात, हे बाहुल्यांशी खेळणे झाले. परदेशात प्रौढ माणसे या छंदात नेमके काय करतात? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : परदेशात, विशेषतः अमेरिकेत, प्रौढांनीच हा छंद घडवला आहे. संगणक येण्यापूर्वी लोक आपल्या घोड्यांची छायाचित्रे टपालाने परीक्षकाकडे पाठवीत आणि क्रमांकांची पत्रे टपालानेच परत येत. आता लोक सभागृहात लांब टेबलांवर आपापले घोडे मांडतात आणि परीक्षक एकेका वर्गाचा निकाल देत फिरतात. उत्तर अमेरिकेत या प्रदर्शनांची एक संघटना आहे. तिची मान्यता असलेल्या प्रदर्शनात पहिला किंवा दुसरा क्रमांक मिळालेला घोडा राष्ट्रीय स्पर्धेत उतरायला पात्र होतो. १९९० पासून ब्रायर कंपनी दर उन्हाळ्यात केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे केंटकी हॉर्स पार्कमध्ये ‘ब्रायरफेस्ट’ हा मेळावा भरवते. ज्या जिवंत घोड्यांवरून प्रतिकृती केल्या, त्यांच्यापैकी काही स्वतः तिथे हजर असतात. मॅन ओ’ वॉर हा विख्यात शर्यतीचा घोडा याच पार्कमध्ये चिरविश्रांती घेत आहे.

हे बाहुल्यांशी खेळणे आहे का, याचे उत्तर परीक्षकाच्या नजरेत आहे. बांध्याच्या वर्गात परीक्षक टेबलापाशी वाकतो तेव्हा तो घोडा घोडा म्हणूनच तपासतो. खांद्याचा उतार त्या जातीला शोभतो का? पुढचे पाय समोरून सरळ आहेत की गुडघ्याशी आत वळले आहेत? दुडकी चालीत दाखवलेला घोडा असेल तर तिरपे समोरचे दोन पाय एकाच वेळी उचललेले आहेत का? अबलख घोड्याच्या पांढऱ्या डागाखालची कातडी नाकपुडीजवळ गुलाबी दाखवली आहे का? पायाच्या आतल्या बाजूला खऱ्या घोड्याला असते ती शिंगासारखी टणक गाठ रंगवली आहे का? पोटावर साच्याच्या दोन अर्धांचा सांधा दिसतो की घासून नाहीसा केला आहे? यांतली एक गोष्ट चुकली तर महागडा घोडाही मागे पडतो. मूळ अवस्थेतल्या घोड्यांसाठी दुर्मीळपणा व स्थिती पाहणारे वेगळे परीक्षण असते, पण छंदाचा गाभा मला बांध्याच्या परीक्षणातच दिसतो. घोडा कसा उभा राहतो आणि कसा चालतो हे ज्याला कळते, त्याचाच संग्रह चांगला होतो.

दुसरा मोठा वर्ग सादरीकरणाचा. त्यात घोड्यावर प्रमाणबद्ध साज चढवून एक प्रसंग उभा करायचा असतो : उडीचा अडथळा, गुरे वळणारा स्वार, अरबी पोशाखातली स्वारी. १:९ प्रमाणातला साज करणारे कारागीर चामडे कागदाइतके पातळ सोलतात आणि नखापेक्षा लहान बकले तारेतून वळवतात. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पट्टा, पोटाशी घट्ट हवा, लगामाची कडी खरोखर तोंडाच्या कोपऱ्यात बसलेली हवी, रिकीब स्वाराच्या पायाला योग्य उंचीवर हवी. अपरिचित साज असेल तर शेजारी एक टिपणपत्र ठेवून तो कुठला व कसा वापरतात हे परीक्षकाला समजावता येते. आपल्याला शिवणकामाची आवड असेल तर मी आग्रहाने सुचवेन की मराठी खोगीर, तंग, दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) आणि कंठमाळेसह एक घोडा सजवावा. जुन्या चित्रांतून, लग्नाच्या वरातीतून, जत्रेतून याचे संदर्भ आपल्याला जितके सहज मिळतील तितके केंटकीच्या कारागिराला मिळणार नाहीत. छायाचित्रांवर चालणाऱ्या स्पर्धा आजही आहेत आणि त्यांत नागपुरातूनही भाग घेता येतो.

प्रश्न : मर्यादित संख्येचे घोडे घेऊन ठेवले तर पुढे भाव वाढेल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : काहींचा वाढतो, बहुतेकांचा वाढत नाही. शिवाय आयातीचा खर्च धरला तर आपल्याला भारतातून हिशेब जुळवणे अवघड आहे. गुंतवणूक म्हणून घोडे घेऊ नयेत.

प्रश्न : मी कलाशिक्षक आहे. मला आपल्या भीमथडी आणि मारवाडी घोड्यांच्या प्रतिकृती करायच्या आहेत. बाजारातल्या घोड्यावरून त्या करता येतील का, आणि हे नियमांत बसते का? (एक कलाशिक्षक, धुळे)

उत्तर : करता येतील, आणि कराव्यात अशी माझी फार इच्छा आहे. पडलेला, ओरखडलेला, कान तुटलेला घोडा छंदात ‘बॉडी’ म्हणून स्वस्तात विकला जातो आणि त्यावर नवे काम चढवतात. विकत घेतलेल्या घोड्यावर स्वतःच्या हाताने बदल करणे सर्वत्र मान्य आहे. मात्र दुसऱ्या शिल्पकाराच्या घोड्याचा साचा काढून त्याच्या नकला ओतणे ही चोरी मानली जाते आणि असे घोडे प्रदर्शनात घेतले जात नाहीत. विद्यार्थ्यांना हा फरक पहिल्याच दिवशी सांगावा.

कृती थोडक्यात अशी. बॉडी साबणाने धुऊन घ्यावी. मान किंवा पाय वळवायचा असेल तर गरम हवेच्या बंदुकीने तो भाग नरम करावा, पण त्याआधी अंगाला कुठेतरी, नाकपुडीत किंवा खुराखाली, बारीक छिद्र पाडावे. आतली हवा तापून प्रसरण पावते, आणि तिला वाट नसेल तर पोकळ अंग फुगते. नवे स्नायू व आयाळ दोन भागांच्या इपॉक्सी मातीने घडवावी. घासकाम पाण्यासोबत ओल्या पॉलिश कागदाने करावे आणि नाका-तोंडावर मास्क असावा, कारण ती भुकटी फुप्फुसांत जाऊ देण्यासारखी नसते. रंगासाठी अस्तराचा हात देऊन मऊ पेस्टल खडूची पूड पातळ थरांत चढवतात आणि दर थरानंतर मॅट वॉर्निशचा फवारा मारतात. पावसाळी दमट हवेत हा फवारा पांढुरका धुरकटतो, तेव्हा रंगकाम हिवाळ्यासाठी राखून ठेवावे.

मारवाडी घोड्याची ओळख त्याच्या कानांत आहे. ते आत वळून टोकांशी जवळजवळ भेटतात. बॉडीचे कान मुळापासून कापून, बारीक तारेच्या आधारावर नवे घडवावे लागतात. ते बाजूने व समोरून असे दोन्हीकडून पडताळावेत, कारण केवळ समोरच्या छायाचित्रावरून केलेले कान बाजूने शिंगांसारखे दिसतात. भीमथडीचे काम अधिक कठीण आहे. भीमेच्या खोऱ्यातला, एके काळी मराठ्यांच्या घोडदळाचा आणि आज मुख्यत्वे भटक्या धनगरांचे ओझे वाहणारा हा घोडा चणीने लहान व काटक असतो. त्याला कानांसारखी एखादी ठळक खूण नसल्यामुळे सगळी भिस्त प्रमाणांवर राहते. अरबी घोड्याची बॉडी घेऊन ती नुसती रंगवली तर भीमथडी होणार नाही. साध्या उभ्या ठेवणीच्या तट्टाची बॉडी शोधावी.

मापे मात्र जिवंत जनावरावरूनच घ्यावीत. धुळ्याहून आपल्याला नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा जवळ आहे. तिथे तापीकाठी दत्तजयंतीपासून एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो. मारवाडी घोडे तिथे भरपूर पाहायला मिळतील. भीमथडीसाठी मात्र पुणे व अहिल्यानगरकडच्या धनगर वाड्यांचे तळ शोधावेत. मालकाची परवानगी घेऊन घोड्याच्या खांद्याची उंची, छातीपासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, डोक्याची लांबी आणि पुढच्या पायाच्या गुडघ्याखालचे माप टेपने घ्यावे आणि प्रत्येक माप नवाने भागावे. छायाचित्रे काढताना कॅमेरा घोड्याच्या पोटाच्या उंचीवर धरावा. उभ्याने वरून काढलेल्या छायाचित्रात पाय आखूड दिसतात आणि तीच चूक मग मातीत उतरते. मागच्या बाजूने जाऊ नये आणि मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) जवळ असल्याशिवाय टेप काढू नये.